बेंगळुरूचे शहाजीराजे

दरवर्षी इतिहासाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. महाराजांची तलवार किती किलोची होती? कोणी मंगल कार्यालयाच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलेले असते, कोणी मोबाईलवर ऐकलेले असते की अमुक वीराची तलवार चाळीस किलोची होती आणि तमुक वीराचा भाला ऐंशी किलोचा. पालकसभेतही हा विषय निघतो. आपल्या पूर्वजांचे देह वेगळ्याच मातीचे होते, आजची मुले दुबळी झाली, असा त्या बोलण्याचा सूर असतो. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत काही लिहावे असे ठरले तेव्हा मला वाटले की या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते आपल्याच शहरात राहून गेलेल्या एका पुरुषाच्या चरित्रातून द्यावे. हा पुरुष म्हणजे शहाजीराजे भोसले. महाराष्ट्रात ते छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील म्हणून ओळखले जातात. बेंगळुरूत तर त्यांची ओळख तेवढीही उरलेली नाही. वास्तविक पाव शतकाहून अधिक काळ हे शहर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण होते.

त्यांचा जन्म परंपरेने १५९४ चा मानला जातो. वडील मालोजीराजे वेरूळचे, आई उमाबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घराण्यातील. अहमदनगरच्या शहाशरीफ पीराच्या नवसाने मुलगे झाले म्हणून थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी कथा आहे. मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत असताना इंदापूरच्या लढाईत पडले. मुले लहान होती. चुलते विठोजी यांनी त्यांना वाढविले.

सरदाराच्या घरातील मुलाचे शिक्षण तेव्हा कसे होत असे, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. दिवस तालमीत सुरू होई. जोर, बैठका, मुद्गल फिरविणे, कुस्ती. हा व्यायाम दख्खनच्या मातीत फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. मल्लांच्या श्रेणी, त्यांना द्यावयाचे उडीद, मांस, दूध, दही, तूप, तसेच वजन उचलण्याचे, चालण्याचे, पोहण्याचे आणि खांबावर करावयाचे श्रम यांचे त्यात वर्णन आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपण ज्याला तालीम म्हणतो त्याला कन्नडमध्ये गरडी म्हणतात. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील गरडी मने ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तेथील लाल माती आणि कोपऱ्यातील मुद्गल पाहून कोल्हापूर आठवले असेल.

तालमीनंतर शस्त्रे. ढाल-तलवारीचे हात प्रथम फरी-गदक्यावर, म्हणजे कातडी ढाल आणि चामडे मढविलेली काठी घेऊन शिकविले जात. पट्टा हे त्याहून अवघड शस्त्र. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळविता येत नाही आणि सारा फिरवा खांद्यातून आणि कमरेतून घ्यावा लागतो. घोड्यावरून भाला चालविण्याचा सराव बोथाटीने होई. टोकाला बोंडे लावलेला भाला घेऊन दोन स्वार एकमेकांवर धावून जात. विटा हा फेकण्याचा भाला, त्याला बांधलेली दोरी हातात असे, म्हणून फेकल्यावर तो परत ओढून घेता येई. धनुष्याची ओढ बळकट व्हावी म्हणून दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य ओढीत, त्याचे नाव लेझीम. आपल्या शाळेच्या मैदानावर स्वातंत्र्यदिनी लेझीम खेळलेल्या सर्व माजी विद्यार्थिनींना हे सांगताना मला विशेष आनंद होतो. ज्या तालावर आपण पावले टाकली, त्याचे मूळ तिरंदाजाच्या खांद्यात आहे.

आता तलवारीच्या वजनाकडे वळू. संग्रहालयांतून ठेवलेल्या, खरोखर लढाईत वापरलेल्या तलवारी साधारणपणे एक ते दीड किलोच्या असतात. याहून फार जड तलवार दहा-पंधरा वारांनंतर हातात उरणार नाही, आणि लढाई दहा-पंधरा वारांत संपत नसे. जड, अवजड शस्त्रे आढळतात ती बहुधा मिरवणुकीची, पूजेची किंवा व्यायामाची. अंगावरचे चिलखत मात्र खरे ओझे असे. कड्यांचे चिलखत सहज दहा-बारा किलो भरते. त्यावर शिरस्त्राण, ढाल, तलवार, आणि हे सारे घेऊन दिवसभर घोड्यावर. दख्खनचा भीमथडी घोडा उंचीने बेताचा, पण डोंगरवाटेने न थकता चालणारा. त्याचा स्वारही तसाच असावा लागे. उपाशीपोटी दूरची मजल मारायची, रात्री खोगिराला टेकून झोपायचे आणि पहाटे पुन्हा मांड टाकायची. त्या काळच्या योद्ध्याचे बळ दंडाच्या घेरात नव्हते. ते श्वासात होते, मांडीच्या पकडीत होते आणि नजरेत होते. स्वतः शिवाजी महाराजांना पाहिलेल्या युरोपियनांनी त्यांचे वर्णन बेताच्या उंचीचे, चपळ आणि तीक्ष्ण नजरेचे असेच केले आहे.

शहाजीराजांचा विवाह सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई यांच्याशी झाला. दोन्ही घराणी निजामशाहीची बलाढ्य सरदार घराणी, पण या सोयरिकीला लवकरच रक्ताचा डाग लागला. निजामशाहाच्या दरबाराबाहेर खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरताना जाधव आणि भोसले यांच्यात जुंपली. लखुजींचा मुलगा दत्ताजी मारला गेला, विठोजींचा मुलगा संभाजी मारला गेला, आणि खुद्द शहाजीराजे सासऱ्याच्या तलवारीने जखमी झाले. या प्रसंगात कोणाच्याही बळाला उणेपणा नव्हता. उणे होते ते एवढेच की एवढे बळ एका पिसाळलेल्या हत्तीपायी आपसांत खर्ची पडले. मला हा प्रसंग पानिपताइतकाच शिकविण्यासारखा वाटतो, पण पाठ्यपुस्तकात तो नसतो.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठा संग्राम झाला. एका बाजूला दिल्लीचे मोगल आणि विजापूरची आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. संख्येने तो दुबळा होता. त्याने शत्रूला खुल्या मैदानात भिडण्याऐवजी तलावाचा बांध फोडून छावणीच्या वाटेवर चिखल केला, रसद तोडली आणि रात्रीचे छापे घातले. उपासमारीने आणि झोपेअभावी शत्रूचे सैन्य खिळखिळे झाल्यावर त्याने अखेरचा हल्ला केला. शहाजीराजे या लढाईत अग्रभागी होते. त्यांचे नाव दख्खनभर झाले ते येथूनच. धाकटे बंधू शरीफजी मात्र याच रणात पडले. चपळ घोडदळाने, डोंगर आणि पाणी यांना मित्र करून मोठ्या सैन्याला जेरीस आणण्याची ही विद्या शहाजीराजांनी अंबराच्या हाताखाली प्रत्यक्ष पाहिली. पुढे सह्याद्रीत ती कोणी कशी वापरली, हे वाचकांना सांगावयास नको.

यानंतरची बारा वर्षे विलक्षण धामधुमीची आहेत. १६२९ मध्ये निजामशाहाने लखुजी जाधवरावांना दौलताबादच्या दरबारात बोलावून मुलांसह ठार केले. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा त्यांच्या आजोबांच्या हत्येला वर्षही झाले नव्हते. शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले, तेथे मन रमले नाही आणि ते परत फिरले. निजामशाही बुडत असताना त्यांनी त्या घराण्यातील एका लहान मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने स्वतः राज्य चालविले. एका मराठा सरदाराने दिल्लीपतीला दिलेले हे उघड आव्हान होते. ते मोडण्यासाठी १६३६ मध्ये खुद्द शाहजहान दौलताबादेस येऊन बसला. मोगल आणि आदिलशहा एक झाले. शहाजीराजांनी किल्ल्यामागून किल्ला लढविला आणि शेवटी ठाणे जिल्ह्यातील माहुलीच्या वेढ्यात त्यांना शस्त्र खाली ठेवावे लागले. बालराजा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले, आणि मोगलांच्या सरहद्दीवर राहिल्यास हा माणूस पुन्हा उठेल या धास्तीने त्यांना दूर दक्षिणेत पाठविण्यात आले. त्या हद्दपारीसारख्या नेमणुकीने त्यांना आपल्या बेंगळुरूत आणले.

हे शहर केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले. मातीचा कोट, भोवती खंदक, आत पेठ. आज आपण चिकपेट, बळेपेट म्हणतो तोच हा भाग. १६३८ मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखान याने शहाजीराजांसह हा किल्ला घेतला. केंपेगौडांच्या वंशजांनी मागडीस प्रयाण केले. रणदुल्लाखान हा शहाजीराजांचा स्नेही होता. त्याने हे शहर त्यांच्या हवाली केले, आणि कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलूख मिळून त्यांची जहागीर झाली. जिंकलेल्या प्रदेशातील जुन्या पाळेगारांना समूळ उखडण्याऐवजी त्यांना मांडलिक करून जागेवर ठेवण्याचे धोरण शहाजीराजांनी स्वीकारले. ज्याला रोज तलवार चालविता येते त्याला ती केव्हा म्यान करावी हेही कळावे लागते, आणि ते त्यांना कळत होते असे माझे मत आहे.

त्यांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त आले आहे. हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. जयराम दरबारात आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. त्याचा अर्थ असा की, मला बारा भाषांत काव्य करता येते. दरबारात संस्कृत, मराठी, कन्नड, फारसी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांचे कवी होते, आणि समस्यापूर्तीत राजे स्वतः रस घेत. बेंगळुरूत बहुभाषिकता संगणकांच्या कंपन्यांबरोबर आली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे बारा नारळ ध्यानात ठेवावेत. आपल्या शाळेत येणारे मूल घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, दुकानात हिंदी वा तमिळ बोलते, ते या शहराच्या पावणेचारशे वर्षांच्या रीतीप्रमाणेच.

लहानगे शिवराय जिजाबाईंसह काही काळ बेंगळुरूत वडिलांजवळ होते. 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने त्यांच्या बालपणाचे आणि शिक्षणाचे वर्णन केले आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना पुण्याच्या जहागिरीवर पाठविताना शहाजीराजांनी हत्ती, घोडे, पायदळ, ध्वज, द्रव्य यांच्या जोडीला अध्यापक आणि कारभारी दिले. श्यामराज नीळकंठ, बाळकृष्ण हनमंते, सोनोपंत, रघुनाथ बल्लाळ ही ती माणसे. परमानंदाने राजपुत्राने आत्मसात केलेल्या विद्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात तलवार, धनुष्य, भाला, पट्टा, चक्र आणि बाहुयुद्ध आहे. पण त्याच यादीत धावणे आणि उडी मारणे आहे, घोड्याची आणि हत्तीची पारख आहे, किल्ला दुर्गम कसा करावा आणि दुर्गम जागेतून निसटावे कसे हे आहे, समोरच्याच्या मनातले चेहऱ्यावरून ओळखणे आहे, आणि पुराणे, राजनीती, काव्यही आहे. शिक्षिका म्हणून ही यादी मी पुष्कळदा वाचली आहे. तिच्यात बळ वेगळे आणि बुद्धी वेगळी असे रकाने नाहीत. मैदानाचा तास गणिताला देण्याची विनंती घेऊन येणाऱ्या पालकांना मी ती आवर्जून दाखविते. त्यांना पटते असे मात्र नाही.

थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांजवळ बेंगळुरूतच राहिले. त्यांच्याकडे मराठी वाचकांचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून १६४८ ची हकीकत सविस्तर सांगते. त्या वर्षी आदिलशाही फौजा तमिळ प्रदेशात जिंजीला वेढा घालून बसल्या होत्या. सेनापती मुस्तफाखान याचे आणि शहाजीराजांचे बिनसले होते. पुण्याकडे शिवरायांच्या हालचाली सुरू झाल्याने दरबाराचा संशयही वाढला होता. जुलैच्या अखेरीस एके दिवशी पहाटे, छावणी झोपेत असताना, मुस्तफाखानाने बाजी घोरपडे आणि इतर सरदारांकरवी शहाजीराजांच्या गोटाला वेढा घातला. राजे शस्त्र घेऊन बाहेर आले आणि झुंजले, त्यांच्या विश्वासू माणसांनी प्राण दिले, पण वेढा फुटला नाही. भातवडीचा वीर, पेमगिरीचा राज्यकर्ता, आयुष्यभर तालमीत कसलेला देह एका गाफील पहाटेने कैद केला. त्यांना विजापुरास नेण्यात आले.

मग आदिलशहाने एकाच वेळी दोन फौजा काढल्या. पुण्याकडे फत्तेखान, बेंगळुरूकडे फरादखान. पुण्याकडे अठरा वर्षांच्या शिवरायांनी पुरंदरच्या आश्रयाने फत्तेखानाला परतवून लावले, हे आपण सारे जाणतो. इकडे बेंगळुरूत, याच कोटाच्या आसऱ्याने, संभाजीराजांनी फरादखानाला परतविले. दोघे भाऊ एकमेकांपासून दूर, बाप शत्रूच्या कैदेत, आणि दोन्ही टोकांना विजय. तरीही बापाच्या सुटकेची किंमत द्यावी लागली. १६४९ मध्ये शहाजीराजे सुटले ते शिवरायांनी कोंढाणा आणि संभाजीराजांनी बेंगळुरू सोडून देण्याच्या अटीवर. आपण जिंकून राखलेला किल्ला पित्यासाठी हातातून सोडताना या दोन तरुणांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. शहाजीराजांवर शाहाची मर्जी पुढे पुन्हा बसली आणि बेंगळुरू त्यांच्याकडे परत आले.

१६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे तोफेच्या गोळ्याने मारले गेले. हे कनकगिरी आजच्या कोप्पळ जिल्ह्यात आहे. अफझलखानाने वेळेवर मदत केली नाही, असा ठपका त्याच्यावर येतो. येथेही एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. उत्तम शिकलेला, उत्तम लढणारा योद्धा दूरवरून आलेल्या गोळ्यापुढे कोणताही डाव टाकू शकत नाही. पट्टा आणि बोथाटीचे युग तेव्हाच मावळू लागले होते.

शहाजीराजे स्वतः उतारवयातही मोहिमेवर जात राहिले. साठी उलटल्यावरही ते घोड्यावर होते, आणि बळाचे मोजमाप करावयाचे झाले तर मी ते याच गोष्टीने करीन. जानेवारी १६६४ मध्ये ते बेदनूरच्या बाजूच्या मोहिमेत होते. होदिगेरे गावाजवळ शिकारीच्या वेळी भरधाव घोड्याचा पाय वेलीत अडकला, घोडा कोसळला आणि राजेही. २३ जानेवारी १६६४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. बातमी राजगडावर पोहोचली तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवरायांनी मोठ्या प्रयासाने त्यांना परावृत्त केले, असे सभासदाच्या बखरीत आले आहे.

बेंगळुरू धाकटे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे आले. मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वराच्या देवळासाठी त्यांनी १६६९ मध्ये मेदरनिंगनहळ्ळी गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. तेथे दर्शनाला जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. पुढे एकोजी तंजावरला गेले. दक्षिणदिग्विजयात शिवाजी महाराजांचा आणि त्यांचा वाद झाला, आणि तो मिटविताना महाराजांनी बेंगळुरू, होसकोटे आणि शिरा हा मुलूख भावजय दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी लावून दिला. ज्या शहरात आज एका चौरस फुटाची किंमत ऐकून छाती दडपते, ते शहर एका सुनेची चोळीबांगडी होते, हे ऐकून वर्गातल्या मुली फार हसतात. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयार यांना तीन लाख रुपयांना दिले. भोसल्यांचा येथील अंमल तेथे संपला.

शहाजीराजांची समाधी होदिगेरे येथे, दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यात आहे. साधे दगडी बांधकाम आहे. शाळेची इयत्ता सातवीची सहल येत्या जानेवारीपासून दरवर्षी तेथे नेण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना सोबत यावयाचे असेल, त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कार्यालयात नाव नोंदवावे. बसमध्ये काही जागा मोठ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत.